पूर्वकृत्ये, पुरावा आणि दोन मराठी न्यायालयीन नाटके
('तो मी नव्हेच' व 'शांतता! कोर्ट चालू आहे' यांच्या संदर्भात)

प्रास्ताविक

मराठी रंगभूमीवर १९६२ आणि १९६७ या दोन वर्षी दोन न्यायालये उभी राहिली. पहिले आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' या नाटकातले, दुसरे विजय तेंडुलकर यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातले. दोन्ही नाटके गाजली आणि दोन्हींवर विपुल लिहिले गेले. एकावर व्यावसायिक रंगभूमीचा शिक्का बसला, तर दुसऱ्यावर प्रायोगिक रंगभूमीचा. त्यामुळे या दोन न्यायालयांची शेजारी शेजारी ठेवून तुलना क्वचितच झाली. वास्तविक दोन्ही नाटकांचा कणा एकाच प्रश्नाने बनलेला आहे. आरोपीने पूर्वी किंवा अन्यत्र जे काही केले, ते आज त्याच्यावर असलेल्या आरोपाचा पुरावा म्हणून ऐकावे काय?

हा प्रश्न विधिशास्त्रातला आहे आणि त्याला कायद्याने बऱ्याच अंशी निश्चित उत्तर दिलेले आहे. प्रस्तुत लेखात त्या उत्तराची कसोटी दोन्ही नाटकांना, मुख्यतः तेंडुलकरांच्या नाटकाला, लावून पाहावयाची आहे. नाटक म्हणजे विधी महाविद्यालयाचे पाठ्यपुस्तक नव्हे, तेव्हा कलमांची मोजपट्टी कलाकृतीला कशाला, अशी शंका येथे कोणी घेतल्यास ती रास्तच म्हणावी लागेल. परंतु तेंडुलकरांनी पात्रांना कोर्टात उभे केले, साक्षीदारांचा पिंजरा मांडला, शपथा दिल्या आणि दंड संहितेचे कलमही उच्चारले. नाटककारानेच जो घाट स्वीकारला त्या घाटाचे नियम कोणते आणि ते कोठे मोडले जातात, हे पाहिल्यावाचून नाटकाचा अर्थ पुरता लागत नाही, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे. 'शांतता!' वरील समीक्षेने समाजाचा दांभिकपणा पाहिला, स्त्रीचे शोषण पाहिले, पुरुषी हिंसा पाहिली. हे सारे नाटकात आहेच. पुरावा मात्र कोणी तपासलेला दिसत नाही.

नियम आणि त्याचे अपवाद

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे ५४ वे कलम सांगते की, फौजदारी कामात आरोपीचे चारित्र्य वाईट आहे हे तथ्य असंबद्ध असते. मात्र आरोपीने स्वतःच्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला असेल तर त्याला उत्तर म्हणून ते संबद्ध ठरते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद ४९ व्या कलमात आली आहे. नियम वाचताना सहज वाटतो, पण तो सहज आलेला नाही. मूळ १८७२ च्या मसुद्यात आरोपीची पूर्वीची दोषसिद्धी सर्वच फौजदारी कामांत संबद्ध मानलेली होती. ती तरतूद १८९१ च्या दुरुस्तीने बदलली. म्हणजे जवळजवळ एकोणीस वर्षे जुनी शिक्षा हा नव्या आरोपाचा पुरावा होऊ शकत होता.

आरोपीचे पूर्वचरित्र खोटे असते म्हणून ते वगळतात, असे समजण्याचे कारण नाही. ते पुष्कळदा खरे असते, आणि ऐकणाऱ्याच्या मनावर त्याचे वजन प्रमाणाबाहेर पडते, म्हणूनच ते वगळावयाचे. ज्याने एकदा केले तो पुन्हा करणारच, हा आपल्या सर्वांच्या मनातला तर्क. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण आपण व्यवहारात निःशंकपणे वापरतो. कायदा या म्हणीला न्यायालयाच्या दाराबाहेर थांबवितो.

अर्थात दार पूर्णपणे बंद नाही. आरोपीचे अन्य कृत्य त्याच्या स्वभावाकडे नव्हे, तर प्रस्तुत गुन्ह्यातील एखाद्या नेमक्या मुद्द्याकडे बोट दाखवीत असेल, म्हणजे हेतू, तयारी, ओळख किंवा कृत्य अपघाताने घडले की जाणूनबुजून हा मुद्दा असेल, तर ते ग्राह्य ठरते. जुन्या कायद्याच्या १४ व्या कलमाखाली दिलेले उदाहरण या बाबतीत आदर्श मानावे असे आहे. 'अ' ने 'ब' ला गोळी घालून जाणूनबुजून ठार मारल्याचा आरोप असेल, तर 'अ' ने पूर्वीही 'ब' वर गोळी झाडली होती हे संबद्ध. 'अ' ला लोकांना ठार मारण्याच्या इराद्याने गोळ्या झाडण्याची सवय होती, हे मात्र असंबद्ध. दोन वाक्यांतील अंतर सूक्ष्म आहे, पण साऱ्या विषयाचे मर्म तेथेच आहे. १५ व्या कलमाखालील उदाहरणात एक मनुष्य एकामागून एक घरात राहतो, प्रत्येक घराचा विमा उतरवितो आणि प्रत्येक घराला आग लागते. तेथे आधीच्या आगी ग्राह्य आहेत, कारण शेवटची आग अपघाती होती काय हाच तेथील प्रश्न आहे.

इंग्रजी परंपरेत या नियमाची प्रसिद्ध मांडणी ज्या खटल्यात झाली तो न्यू साउथ वेल्समधील मेकिन दांपत्याचा खटला. १८९४ च्या विधिवृत्तांत प्रसिद्ध झालेला प्रिव्ही कौन्सिलचा हा निर्णय लॉर्ड हर्शेल यांचा आहे. हे दांपत्य अविवाहित मातांची अर्भके थोड्या पैशांच्या मोबदल्यात सांभाळावयास घेत असे, आणि त्यांनी वास्तव्य केलेल्या घरांच्या आवारांत अर्भकांचे मृतदेह पुरलेले सापडले. एका अर्भकाच्या खुनाचा आरोप असताना बाकीच्या मृतदेहांचा पुरावा घ्यावा काय? कौन्सिलने तो घेता येतो असे ठरविले, परंतु केवळ आरोपी त्या प्रवृत्तीचा आहे एवढे सुचविण्यासाठी असा पुरावा आणता येणार नाही, हे आधी बजावून. पूर्वकृत्यांच्या पुराव्याचा हा प्रमाणभूत निर्णय कुमारीमातांच्या अर्भकांविषयीचा असावा, हा योगायोग लीला बेणारेच्या खटल्याकडे वळताना ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

हेतूचे दार किती रुंद उघडता येते, हे आपल्याकडे १९०८ साली दिसले. लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या आरोपाचा आधार 'केसरी'तील दोन लेख होते, १२ मे चा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. परंतु हेतू सिद्ध करण्यासाठी म्हणून 'केसरी'तील अन्य लेखही ज्यूरीपुढे आले, आणि घरझडतीत सापडलेले, स्फोटक द्रव्यांवरील दोन पुस्तकांची नावे लिहिलेले एक कार्डही आले. स्फोटक द्रव्यांच्या नव्या कायद्यावर टीका लिहावयाची असल्याने ती नावे टिपली, हे टिळकांचे स्पष्टीकरण होते. कार्ड खरेच होते. ते राजद्रोहाच्या त्या दोन लेखांविषयी नेमके काय सिद्ध करीत होते, हा प्रश्न मात्र आजही विचारता येतो.

लखोबाचे न्यायालय

'तो मी नव्हेच' हे नाटक माधव काझी या ठकाच्या खऱ्या प्रकरणावर बेतलेले. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. निरनिराळी नावे, निरनिराळे वेष आणि निरनिराळ्या बोली धारण करून त्याने स्त्रियांशी लग्ने केली व त्यांना फसविले, असा आरोप आहे. साक्षीदार येतात, फिरता रंगमंच फिरतो आणि प्रभाकर पणशीकर एका भूमिकेतून दुसऱ्या भूमिकेत शिरतात. या नाटकावर फार वेळ थांबण्याचे येथे कारण नाही. नोंदवावयाचे ते एवढेच की, येथे आरोपीची सारी कृत्ये ऐकली जातात आणि ती ऐकणे योग्य आहे.

याची कारणे दोन. एक तर त्यांतील बहुतेक कृत्ये स्वतःच आरोपाचा भाग आहेत, म्हणजे ती वादतथ्ये आहेत. दुसरे असे की, आरोपीचा बचाव नाटकाच्या नावातच सांगितलेला आहे. तो ओळख नाकारतो. ओळख वादात आली की एका साक्षीदाराची हकिकत दुसऱ्या साक्षीदाराच्या हकिकतीला बळ देते. तीच लकब, तीच पद्धत, तोच चेहरा. 'लखोबा वाईट चालीचा आहे, म्हणून याही बाईला त्यानेच फसविले असेल' असा येथील तर्क नाही. 'या साऱ्या बायकांना फसविणारा हाच एक मनुष्य आहे' असा तो आहे. अत्र्यांचे न्यायालय कितीही रंजक असले तरी त्याची पुराव्याची बैठक पक्की आहे. प्रेक्षक हसतो, चिडतो आणि शेवटी समाधानाने घरी जातो. ते समाधान न्याय्य असते.

बेणारेचे न्यायालय

'शांतता!' मधील न्यायालय खेळातले. सोनार मोती टेनेमेंट (बॉम्बे) प्रोग्रेसिव्ह असोसिएशन ही मुंबईची हौशी मंडळी एका गावी अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करावयास आली आहे. रात्रीचा ठरलेला खटला अण्वस्त्रांच्या निर्मितीबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावरचा. सामंत नावाच्या स्थानिक तरुणाने कोर्ट कधी पाहिलेले नाही, म्हणून त्याला समजावे यासाठी, वेळ काढावयाचा म्हणून, एक लुटूपुटूचा खटला उभा केला जातो. लीला बेणारे आत गेलेली असताना बाकीचे मिळून आरोपी ठरवितात, आरोप ठरवितात. आरोप भ्रूणहत्येचा, आणि कलम सांगितले जाते ते ३०२. येथेच पहिली गफलत आहे. ३०२ हे खुनाचे कलम. गर्भपाताचे गुन्हे दंड संहितेत ३१२ पासून पुढे होते. संस्थेत सुखात्मे हे एकटेच वकील आहेत, भले पक्षकार नसलेले, तरीही ही चूक कोणी सुधारीत नाही. खेळात एवढे चालावयाचेच, असे आपण प्रेक्षकही म्हणतो, आणि तेव्हाच आपण या न्यायालयाचे पहिले सदस्य होतो.

पुढे जे साक्षीपुरावे येतात ते नीट निवडून पाहिले पाहिजेत. सामंताची साक्ष त्याच्या हातातल्या कादंबरीतून येते. प्राध्यापक दामले यांच्या खोलीच्या दारात आपण काय ऐकले, हे तो कादंबरीतील मजकूर वापरून सांगतो. ही साक्ष शब्दशः कल्पित आहे, आणि तरी सर्वांना ती खरीच वाटू लागते. सौ. काशीकर सांगतात की, वय वाढलेली, अविवाहित, कमावती बाई कोणाबरोबर घरी जाते, कशी हसते. येथे कृत्य असे काही नाही, केवळ चालचलणुकीबद्दलचे मत आहे. कर्णिक सांगतो ती हकिकत बेणारेच्या कोवळ्या वयातली, मामावरील प्रेमाची आणि आत्महत्येच्या प्रयत्नाची. ती त्याला कोणा नातलगाकडून कळलेली आहे, म्हणजे साक्ष ऐकीव. पण ती ऐकीव आहे म्हणून टाकावी हे पुरेसे नाही. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार उभा केला असता तरीही ती असंबद्धच ठरली असती. पंधरा वर्षांच्या मुलीने मामावर प्रेम केले, यावरून तिने बत्तिसाव्या की चौतिसाव्या वर्षी भ्रूणहत्या केली असा निष्कर्ष कोणत्याही तर्कशास्त्रात निघत नाही. ती 'तसली' आहे, एवढाच निघतो. कायद्याने बाहेर थांबविलेली म्हण ती हीच.

यानंतर काशीकरांची साक्ष. न्यायाधीश न्यायासनावरून उतरून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जातात आणि शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष नानासाहेब शिंदे फोनवर काय बोलत होते ते सांगून पुन्हा न्यायासनावर बसतात. कान कोरण्याची त्यांची काडी याही वेळी सुटत नसावी. कोणता पुरावा ग्राह्य हे ठरविण्याची जबाबदारी न्यायाधीशाची; तोच साक्षीदार झाल्यावर हरकत घ्यावयाची कोणापुढे? आणि हरकत घ्यावयाची कोणी? बचावाचे वकीलही सुखात्मेच आहेत. संपूर्ण खटल्यात ग्राह्यतेच्या मुद्द्यावर कायद्याचा जाणकार एकदाही तोंड उघडीत नाही. नाटकात वाईट बोलणारे पुष्कळ आहेत, परंतु सर्वांत भयंकर गोष्ट ही न बोललेली हरकत आहे.

येथपर्यंतचे विवेचन कोणासही मान्य व्हावे. अडचण पोंक्षेच्या साक्षीपाशी येते. पोंक्षे सांगतो की, बेणारेने आपल्याला गाठले, आधी मैत्रिणीची म्हणून आणि मग स्वतःची म्हणून गर्भावस्था सांगितली आणि लग्नाची विनंती केली. तिच्या पर्समधून टिक-ट्वेंटीची बाटली पडलेली त्याने पाहिली. रोकडेही लग्नाच्या विनंतीचे सांगतो. या साक्षी असंबद्ध म्हणून सरसकट फेटाळता येतील काय? प्रस्तुत लेखकाच्या मते येणार नाहीत. हेतू, तयारी आणि आरोपीचे पूर्वीचे वर्तन ही जुन्या कायद्याच्या ८ व्या कलमाने संबद्ध तथ्ये होत. अविवाहित स्त्रीची गर्भावस्था हा भ्रूणहत्येचा हेतू असू शकतो आणि विषाची बाटली ही तयारी असू शकते, असे म्हणण्याचा अभियोग पक्षाला हक्क आहे. निष्पक्षपाती न्यायाधीशाने पोंक्षेची साक्ष ऐकूनच घेतली असती.

आणि नेमकी ती ऐकली की आरोप कोसळतो. बेणारे गर्भाला बाप शोधीत आहे, नाव आणि घर शोधीत आहे. ती लग्नाची विनंती करते ती मूल जन्माला यावे म्हणून. बाटली आहे ती स्वतःचा जीव संपविण्याच्या निराशेची खूण. गर्भ पोटात आहे, म्हणजे जिच्यासाठी खटला चालला ती हत्याच घडलेली नाही. संपूर्ण खटल्यातील मुख्य संबद्ध पुरावा आरोपीच्या निर्दोषत्वाचा पुरावा आहे, आणि न्यायालय तो तिच्याविरुद्ध धरते. हे कसे शक्य होते? मामाची गोष्ट, दामल्यांची खोली, उशिरा घरी जाणे या साऱ्यांनी ऐकणाऱ्यांचे कान आधीच भरलेले आहेत, म्हणून. पोंक्षेची साक्ष ते साक्ष म्हणून ऐकतच नाहीत. ती त्यांना आणखी एक भानगड म्हणून ऐकू येते. अग्राह्य पुराव्याचा सर्वांत मोठा दोष विधिज्ञ सांगतात तो हाच की, तो ग्राह्य पुराव्यालाही नासवितो. तेंडुलकरांनी हे सूत्र कोठेही न सांगता रचनेतून दाखविले आहे, आणि या नाटकाची खरी ताकद प्रस्तुत लेखकाला येथे दिसते.

निकाल सर्वांना ठाऊक आहे. आरोपीने जगावे, पण तिच्या पोटातील गर्भ नष्ट करावा. भ्रूणहत्येच्या आरोपाची शिक्षा भ्रूणहत्या. १९६७ साली तर ही शिक्षा स्वतःच गुन्हा होती. गर्भपाताच्या प्रश्नावर नेमलेल्या शांतिलाल शहा समितीचा अहवाल १९६६ मध्ये आला होता; वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि १९७२ पासून अंमलात आला. निकालातली ही विसंगती आजवर व्याजोक्ती म्हणून वाखाणली गेली. परंतु पुराव्याच्या दृष्टीने पाहता तीत विसंगती काहीच नाही. आरोप नावापुरता होता, खटला स्त्रीवर चालला होता आणि शिक्षा तिलाच झाली. आणि दामले? विवाहित, संसारी, विद्वान म्हणून मान असलेले हे गृहस्थ नाटकभर अनुपस्थित आहेत. त्यांच्या पूर्वकृत्यांची चौकशी कोणी करीत नाही.

सहानुभूतीचा पुरावा

आता या नाटकाच्या समीक्षेविषयी. बेणारेची बाजू घेताना आपण सर्वसाधारणपणे काय म्हणत आलो? ती मनस्वी आहे, जीवनावर प्रेम करणारी आहे, शाळेत एक मिनिट उशिरा न जाणारी कर्तव्यदक्ष शिक्षिका आहे, मुलांची लाडकी आहे. दांभिक समाजाने तिचा बळी घेतला. पहिल्या अंकात सामंताशी बोलताना बेणारे स्वतःही हेच सांगते. विद्यापीठांच्या परीक्षांत 'बेणारेचे व्यक्तिचित्र रेखाटा' हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला गेला, आणि त्याच्या आदर्श उत्तरात गुणांची यादी असते.

मुकुटबनसारख्या गावी, झरी-जामणी तालुक्यातील विद्यार्थ्यांपुढे हे नाटक शिकविताना एक अनुभव वारंवार येतो. 'बेणारेवरील आरोप कोणता?' असे विचारले की, नाटक वाचलेले विद्यार्थीसुद्धा 'दामल्यांशी संबंध' असे उत्तर देतात. मग कोणी ती चांगली होती म्हणतो, कोणी चुकली म्हणतो, आणि वर्गाचे दोन तट पडतात. दोन्ही तट काशीकरांच्याच न्यायालयात बसलेले असतात. भ्रूणहत्येचे काय झाले, असे कोणी विचारीत नाही. विद्यार्थ्यांना हसण्याचे कारण नाही. आपल्या छापील समीक्षेची अवस्था याहून फारशी निराळी नाही.

चारित्र्याच्या चांगुलपणाने केलेला बचाव हा धोक्याचा बचाव आहे, हे ५४ वे कलमच सांगते. आरोपीने चांगल्या चारित्र्याचा पुरावा पुढे केला की वाईट चारित्र्याच्या पुराव्याला दार उघडते. बेणारे चांगली आहे म्हणून ती निर्दोष, असे एकदा म्हटले की 'ती चांगली नाही' हे दाखविण्याचा हक्क आपण काशीकरांना देऊन बसतो. समजा, ती वर्गावर उशिरा जाणारी, मुलांवर खेकसणारी, खोटे बोलणारी बाई असती, तर हा खटला न्याय्य ठरला असता काय? ठरला नसता. मग तिच्या गुणांवर आधारलेली सहानुभूती तिचा बचाव करीत नाही, ती फक्त निकाल उलटा फिरविते.

नाटक लिहिले गेले त्याच्या काही वर्षे आधी मुंबईने या नाण्याची दुसरी बाजू पाहिली होती. १९५९ च्या नानावटी खटल्यात 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नौदल अधिकारी असलेल्या आरोपीची उघड बाजू घेतली. देखणा, सन्माननीय, देशसेवक ही त्याची प्रतिमा घरोघर पोहोचली. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले आणि पुढे जन्मठेप झाली, जी सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली कायम केली. पुरुषाचे चांगले चारित्र्य आणि स्त्रीचे वाईट चारित्र्य, दोन्हींना आपल्याकडे पुराव्याचे मोल सहज येते.

या दृष्टीने नाटकातील प्रसिद्ध स्वगताकडेही पाहावे लागेल. काशीकर बचावासाठी दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत इतर सारी पात्रे गोठतात आणि बेणारे दीर्घ स्वगत बोलते. सुलभा देशपांडे यांनी हे स्वगत अजरामर केले, अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली 'रंगायन'ने हा प्रयोग घडविला, हे मराठी रंगभूमीचे वैभव आहे. पण प्रयोगाच्या मोहिनीतून बाहेर येऊन विचारावे, ती बोलते ते कशाविषयी? मामाविषयी, दामल्यांविषयी, शरीराविषयी. कर्णिकने सांगितलेली गोष्ट खरीच होती, असे तिच्या तोंडून कळते. पोटातील जिवाविषयी ती जे बोलते तेवढेच आरोपाला उत्तर आहे. बाकीचे चारित्र्याला उत्तर आहे. आपल्या गतायुष्याचे स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, ही काशीकरांची अट ती मान्य करते. नाटककारही येथे काही अंशी ती मान्य करतो असे म्हणावे लागते. स्वगत हेलावून टाकते याबद्दल वाद नाही. परंतु त्याआधी ती जी गप्प राहते, प्रश्नांना उत्तर देण्याचे नाकारते, ते मौन विधिदृष्ट्या अधिक समर्थ आहे. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदाने सांगितलेले आहे. बेणारेला ते न सांगताच उमगलेले होते.

नाट्यगृहाबाहेर

हे सारे नाटकातले झाले, प्रत्यक्ष न्यायालयात असे घडत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला आपल्याच विदर्भातील देसाईगंजचे उदाहरण द्यावे लागेल. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील या गावी मार्च १९७२ मध्ये एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर पोलीस ठाण्याच्या आवारात अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपींना सोडले, आणि ते करताना मुलीच्या पूर्वीच्या शरीरसंबंधांना वजन दिले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ती रद्द केली. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधी-अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना जे खुले पत्र लिहिले ते या निकालावर होते. येथे पूर्वायुष्य तपासले गेले ते आरोपीचे नव्हे, तक्रारदार मुलीचे, हा भेद खरा आहे. पण यामुळे नियमातील विषमताच अधिक उघडी पडते. आरोपीच्या वाईट चारित्र्याला कायद्याने बाहेर ठेवले होते. बलात्काराची फिर्याद करणारी स्त्री सर्वसाधारणपणे अनीतिमान आहे, हे दाखविण्याची मुभा मात्र त्याच कायद्याच्या १५५ व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमाने दिलेली होती. ते पोटकलम २००२ च्या दुरुस्ती कायद्याने गेले. पीडितेचा पूर्वीचा लैंगिक अनुभव संमतीच्या प्रश्नावर असंबद्ध आहे, हे ५३-अ कलम २०१३ साली आले. म्हणजे काशीकरांच्या न्यायालयातील पद्धत नाटकानंतर तब्बल पस्तीस वर्षे कायद्याच्या पुस्तकात शाबूत होती.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती. पुरावा कायदा १८७२ चा; गुन्हेगार जमाती कायदा त्याच्या आदल्याच वर्षीचा, १८७१ चा. दोन्ही कायदे झाले तेव्हा विधिसदस्य होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. एक कायदा म्हणतो, आरोपीची प्रवृत्ती हा पुरावा नव्हे. दुसरा म्हणतो, जन्म हाच पुरावा. ही दोन वाक्ये ऐंशी वर्षे एकाच सरकारच्या दप्तरात शेजारी शेजारी राहिली. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी त्यानंतर मुंबई राज्यात १९५९ चा सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला, आणि यवतमाळ जिल्ह्यात फासेपारधी बेड्यावरच्या माणसाला चोरी झाली की आधी कोणाला बोलावले जाते हे विचारून पाहावे. लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ च्या आत्मकथनाचे 'उचल्या' हे नावच जातीला चिकटविलेला चारित्र्याचा पुरावा आहे. ५४ व्या कलमाचे संरक्षण न्यायालयाच्या आत सुरू होते. ठाण्याच्या दारात त्याचा उपयोग नसतो.

पुन्हा नाटकाकडे वळावयाचे तर, शेवटच्या क्षणांचा उल्लेख राहिला. निकाल झाला, बेणारे निपचित पडली आणि इतक्यात दार उघडून गावची माणसे डोकावतात, कार्यक्रम सुरू झाला काय, असे विचारतात. मंडळी भानावर येतात. रंगभूषा करावयाची आहे, वेळ झाली आहे. सामंत कापडी पोपट हळूच बेणारेपाशी ठेवून जातो. रात्रीच्या खटल्यात आरोपी जॉन्सन आहेत, आरोप अण्वस्त्रांच्या निर्मितीचा आहे, आणि त्यांच्या खाजगी आयुष्याविषयी तेथे कोणी साक्ष देणार नाही. न्यायासनावर काशीकरच बसणार आहेत.